अनाथ मुलगी, १६ बाय २०

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं तर आधी एखादं जुनं चित्र समोर ठेवून त्याची नक्कल करा, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी रेम्ब्रांटचं नाव घेईन अशी त्यांची अटकळ असावी. मी एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार देलाक्रुआ याची 'दफनभूमीतली अनाथ मुलगी' निवडली. कारण अगदी व्यवहारी होतं. त्या चित्रात दागिना नाही, लेस नाही, जरीकाठ नाही. मान उंचावून वर पाहणारा चेहरा, ताणलेला गळा, कपडा घसरून उघडा पडलेला खांदा, मांडीवर सैल टाकलेला हात, बस्स. बाकी मागे आकाश आणि थडगी. चित्रकाराला लपायला जागाच नाही आणि नक्कल करणाऱ्यालाही नाही. सर म्हणाले, "बाई, अवघड घेतलंत. पण घ्या."

सर मला बाई म्हणतात, कारण मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात माझी उमर गेली. जलरंग, पोस्टर कलर, स्थिरचित्र, संकल्पचित्र हे सगळं हाताला झोपेतही येतं. तैलरंग मात्र डिप्लोमाच्या वर्षात तोंडओळखीपुरता झाला आणि मग सुटला. दादरला सरांच्या घरी रविवारी चार-पाच जण जमतात. आमचे सर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जुने विद्यार्थी. हॉलमध्ये सोफ्याच्या जागी ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायचे स्टँड आहेत.

चित्राबद्दल थोडं. हे १८२४च्या सुमाराचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं. आकार साधारण ६६ बाय ५४ सेंटीमीटर. १८२२ साली खिओस बेटावर ऑटोमन सैन्याने केलेल्या कत्तलीवर देलाक्रुआने एक प्रचंड चित्र रंगवलं, चार मीटरहून उंच. ते १८२४च्या सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात लागलं आणि त्यावर गदारोळ झाला. अनाथ मुलगी ही त्याच कामाच्या वेळची, त्या चित्राची पूर्वतयारी म्हणून ओळखली जाते. पण तयारीचं काम म्हणावं असं त्यात काही कच्चं नाही. तेव्हा देलाक्रुआ सव्वीस वर्षांचा होता. मी हे वय वर्गातल्या पंचविशीतल्या मुलाला सांगितलं तर तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

नक्कल म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात. शाळेत कुणी कॅलेंडरवरून गणपती उतरवला की मीही मुरडते. पण देलाक्रुआ स्वतः लूव्रमध्ये जाऊन रुबेन्स या जुन्या फ्लेमिश चित्रकाराच्या नकला करत होता. आणि मुंबईपुरतं बोलायचं तर जे.जे.च्या जॉन ग्रिफिथ्सनी १८७२पासून पुढची तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवली. पुढे लंडनमधल्या आगीत त्यातल्या कितीतरी प्रती जळाल्या. पण ज्यांनी त्या केल्या त्यांच्या हातात जे आलं ते आगीत जाणारं नव्हतं. पेस्तनजी बोमनजी त्याच गटातले, आणि त्यांची पुढची व्यक्तिचित्रं पाहिली की ते दिसतं.

लूव्रमध्ये आजही परवानगी काढून नकला करता येतात, पण मूळ चित्राच्याच मापाची प्रत करता येत नाही आणि चित्रकाराची सही उतरवता येत नाही. सरांच्या वर्गातही हाच कायदा. म्हणून मी १६ बाय २० इंचांचा कॅनव्हास घेतला. लांबी-रुंदीचं प्रमाण जवळपास जुळतं, बाजूने थोडं कापावं लागतं एवढंच.

खरी अडचण याच्याही आधीची होती. मूळ चित्र पॅरिसमध्ये आणि मी परळमध्ये. म्हणजे नक्कल करायची ती फोटोची. इंटरनेटवर त्याचे फोटो भरपूर सापडले आणि एकाचा रंग दुसऱ्याशी जुळेना. एकीत खांदा पिवळट, हळद लावल्यासारखा. दुसरीत तोच गुलाबी. तिसरीत आकाश इतकं निळं की पहाट म्हणावी की दुपार, कळू नये. प्रिंट काढायला दिली तर दुकानातल्या मशीनने आपला चौथा रंग घातला. मी सगळ्या प्रिंट सरांसमोर मांडल्या आणि विचारलं, यातली खरी कुठली?

सरांनी फोनवर त्या सगळ्यांचा रंग काढून टाकला आणि काळ्या-पांढऱ्यात शेजारी शेजारी दाखवल्या. तिथे मात्र भांडण बरंच कमी होतं. खांदा सगळीकडे सर्वांत उजळ, केस सर्वांत गडद, गळ्याची सावली दोन्हींच्या मध्ये आणि आकाशापेक्षा गडद. रंगाच्या बाबतीतही एक गोष्ट प्रत्येक फोटोत टिकून होती. खांदा कितीही पिवळा किंवा गुलाबी असो, त्याच्या कडेचा भाग त्याच्या मानाने थंड होता. हा 'मानाने' शब्द सरांनी त्या दिवशी इतक्यांदा वापरला की घरी जाताना डोक्यात तोच घोळत होता. "रंग कुठला ते शोधत बसू नका. शेजारच्यापेक्षा उजळ की गडद, गरम की थंड, एवढं सांगा."

याला मोठा दाखलाही आहे. व्हॅन गॉगने १८८९मध्ये देलाक्रुआच्या 'पिएता'ची (मृत येशूला सावरणारी मेरी) नक्कल केली ती एका शिळाछापावरून. छाप काळा-पांढरा, त्यामुळे निळा आणि पिवळा त्याने पदरचा घातला. तो छाप त्याच्या हातून तेलात आणि रंगात पडून खराब झाला, तेही त्याने भावाला लिहून कळवलं आहे. माझ्याकडे निदान रंगीत प्रिंट होत्या.

मी काळी-पांढरी प्रिंट ईझलला लावली आणि रंगीत उशाखाली ठेवल्यासारख्या बाजूला. पहिले काही रविवार फक्त बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी. कॅनव्हासवर कोळशाने रेखाटन, मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला अंबर सगळीकडे पुसून लावायचा आणि ओला असतानाच जुन्या सुती कपड्याने उजेड काढायचा. खांद्यावरचा, गालाचा, कपाळाचा. जलरंगाच्या माणसाला ही प्रक्रिया उलटी पडते. आमच्याकडे पांढरा म्हणजे कागद, तो राखायचा असतो आणि गडदाकडे हळूहळू जायचं असतं. इथे अंधार आधी आणि उजेड शेवटी, आणि उजेड हा ट्यूबमधून येणारा दाट पदार्थ. माझा हात कितीतरी दिवस उजेडाच्या जागा सोडत राहिला. सर काही बोलत नसत, फक्त त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवत.

मधल्या मधे पावसाळा लागला. तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जात नाही, पाणी त्यात नसतंच. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जुलैत परळच्या दमट खोलीत ते इतकं रमतगमत चालतं की बोट लावून बघायचाही कंटाळा येतो. अंबरमध्ये मँगनीज असतं म्हणून तो लवकर वाळतो, पहिला थर त्याचाच ठेवण्यामागे हेही एक कारण. काळा आणि अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल मात्र रेंगाळतात. केसांच्या गडदासाठी मी काळ्याऐवजी अंबर आणि निळा अल्ट्रामरीन मिसळला तो केवळ मोसमामुळे, आणि नंतर लक्षात आलं की दिसायलाही तोच बरा आहे. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर वरचा आधी कडक होऊन पुढे तडे जातात. देलाक्रुआच्या पिढीतल्या चित्रकारांना सावलीसाठी डांबरासारखा बिट्युमेन फार आवडायचा. तो कधी पुरता वाळतच नाही. त्याचा मित्र जेरिको याचं 'मेड्युसाचा तराफा' त्यामुळेच काळवंडलं आहे. त्या तराफ्यावर पालथ्या पडलेल्या एका माणसासाठी देलाक्रुआ स्वतः बसला होता. सावल्या जपून वापरा हे सांगताना सर हा किस्सा दर वेळी सांगतात.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांबद्दल इथेच सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. त्यांचा बोळा करून डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडून आपोआप पेट घेऊ शकते. मी त्या गॅलरीतल्या दोरीवर सुट्या पसरून वाळवते आणि मग पाण्यात भिजवून पिशवीत बांधून टाकते. शेजारच्या काकूंनी विचारलं, धुऊन पण डाग जात नाहीत का हो?

थर वाळत असताना म्युझियममध्ये जायचा सल्ला मिळाला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. मी ती पूर्वी पाहिली होती, पण विषय म्हणून. या वेळी बाजूने, तिरक्या नजरेने पाहिली, जिथून वार्निशवरची चकाकी पृष्ठभागाचे चढउतार दाखवते. सावल्या पातळ, जवळजवळ कॅनव्हासचं विणकाम दिसेल अशा. उजेड जाड, ब्रशचे ओरखडे असलेला. हे फोटोत कधीच कळत नाही, फोटोत दोन्ही एकाच कागदाएवढे जाड. सुरक्षारक्षकाने "मॅडम, मागे" म्हणेपर्यंत मी एका म्हातारीच्या कपाळाशी नाक लावून उभी होते.

त्यानंतर रंगाला हात घातला. टिटॅनियम पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन ह्यू, अलिझरिन, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएन्ना, अंबर, अल्ट्रामरीन आणि थोडा टेर व्हर्ट हा मातकट हिरवा. त्या काळी पांढरा म्हणजे शिशाचा. तो विषारी आहे आणि आम्ही तो वापरत नाही. पण टिटॅनियम इतका जोरकस आहे की चिमूटभर जास्त पडला तर त्वचा पीठ फासल्यासारखी होते. यूट्यूबवर 'परफेक्ट स्किन टोन'च्या पाककृती मिळतात, अमुक भाग हा आणि तमुक भाग तो. माझं मत विचाराल तर त्या बघण्यापेक्षा झोप काढावी. या मुलीच्या खांद्यावरच एका वितीत पाच-सहा वेगळे रंग आहेत, आणि ते सुटे काढून पॅलेटवर पाहिले तर त्यातल्या एकालाही कुणी त्वचा म्हणणार नाही.

सर्वांत जास्त वेळ गळा आणि खांद्याने घेतला. डोळ्यांची भीती होती, पण डोळ्यांत पकडायला काही असतं: बुबुळ, पापणी, कोपरा. खांदा म्हणजे मोठं सपाट रान. उजेडातून सावलीत जाताना मधे जो भाग लागतो, त्याला सर हाफटोन म्हणतात, तो तिथे करड्या-हिरवट मोत्यासारखा आहे. मी तो करडा पॅलेटवर मिसळून लावत होते आणि प्रत्येक वेळी तो जागा मळल्यासारखा दिसत होता. पांढरा, काळा, जरा हिरवा. पांढरा, निळा, ऑकर. हिरवा कमी, जांभळा जास्त. शेवटी सरांनी ती सगळी जागा चिंधीने पुसली, खालचा वाळलेला तपकिरी उघडा केला आणि खांद्याचा उजळ रंग ब्रशवर जेमतेम घेऊन उजेडाकडून सावलीकडे घासत नेला. रंग संपत आला तसतसा तो पातळ होत गेला, खालचा तपकिरी त्यातून दिसू लागला, आणि जिथे दोन्ही सारखे दिसत होते तिथे तो करडा आपोआप उमटला. थंड, किंचित निळसर. पॅलेटवर निळ्याला कुणी हात लावला नव्हता.

याचं कारण प्रकाशाचं आहे. गडदावर उजळ रंगाचा धुरकट पातळ थर आला की निळा प्रकाश त्यात जास्त विखुरतो आणि तो भाग थंड दिसतो. चुलीचा धूर काळ्या भिंतीसमोर निळसर आणि उजळ आकाशासमोर तपकिरी दिसतो, तसंच. रुबेन्सला हे ठाऊक होतं. देलाक्रुआ रुबेन्सचा भक्त. म्हणजे तो करडा देलाक्रुआने कदाचित मिसळलाच नसेल, मिळवला असेल. फोटोकडे कितीही वेळ पाहून मला हे कळलं नसतं, आणि नुसतं म्युझियममध्ये जाऊनही नसतं. ती जागा मळवून, पुसून, पुन्हा मळवूनच ते समजायचं होतं. पुढचे कितीतरी तास मी तोच खांदा त्या एका पद्धतीने पुन्हा पुन्हा केला. वर्गातल्या मुलाने विचारलं, ताई, अजून खांदाच?

गळ्यावर कानामागून खाली येणारा स्नायू मान वर केल्यामुळे ताणला आहे. तो मी रेघ म्हणून काढला होता, तो रेघ नाही. वरच्या टोकाला कडा स्पष्ट आहे आणि खाली जाताना विरघळते. सगळ्या चित्रात कडांचा हाच खेळ आहे. ओठांची बाहेरची कड जवळपास नाहीच, उघड्या तोंडातला अंधारही काळा नाही, लालसर तपकिरी आहे. काळा घातला की ती किंचाळल्यासारखी दिसते. तोंड अर्धवट उघडं आहे, शब्द यायच्या आधीचं. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं की दुःखाचं आश्चर्य होतं. माझ्या हातून ती दोनदा नाटकाला आलेली प्रेक्षक झाली.

डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नसतो हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले आहे. इथे तो शेजारच्या गालापेक्षाही गडद आहे आणि खालच्या पापणीची कड लाल. अश्रूसाठी मी ट्यूबमधून ताजा पांढरा काढून ठेवला होता. तो लागलाच नाही. पाणावलेपण येतं ते त्या लाल कडेमुळे आणि एका छोट्या ठिपक्यामुळे, आणि तो ठिपकाही खांद्याच्या उजेडाइतका प्रखर नाही. मागची दफनभूमी दोन बैठकांत झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हात सरांनी "राहू द्या, बरा आहे" म्हणून सोडवला, म्हणजे तो बरा नाही.

दरम्यान हे ओलं चित्र दादरहून परळला न्यायचं. एकच स्टेशन, पण मधली गर्दी माहीत असलेल्यांना सांगायला नको. दुसरा कोरा कॅनव्हास समोरासमोर धरून चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालायचे आणि सुतळीने बांधायचं, ही सरांची पद्धत. एकदा सुतळी तुटली आणि लेडीज डब्यात ती मुलगी सगळ्यांसमोर उघडी पडली. क्लिपा विकणाऱ्या बाईने विचारलं, "हिला काय झालं?" मी म्हटलं, आईबाप गेले, लढाईत. तिने परत एकदा पाहिलं. "खांद्यावर पदर तरी घ्यायचा ना." दुसरी म्हणाली, "मुलगी तुमची का?" तोवर परळ आलं.

चित्र आता भिंतीला टेकून वाळतंय. वार्निश सहा महिने तरी नाही. मागच्या बाजूला सरांच्या सांगण्यावरून 'देलाक्रुआवरून' असं लिहून त्याखाली माझं नाव घातलं आहे. खांदा चांगला झालाय, चेहरा तिच्या बहिणीचा वाटतो.

त्यानंतर सरांनी जिवंत माणूस बसवायला सांगितलं. सासूबाई तयार झाल्या. पहिल्याच दिवशी कळलं की त्या फ्रेंच मुलीवर घोटलेली सगळी मिश्रणं इथे निरुपयोगी आहेत. सावळ्या कातडीत पांढरा घातला की ती उजळत नाही, राखाडी होते. उजेड बर्न्ट सिएन्ना आणि ऑकरनेच वर न्यावा लागतो आणि अगदी टोकाची चकाकी खिडकीतल्या आकाशाची असते, थंड. इथे थंड-गरमाचा क्रम उजेडातच बदलतो. सरांनी त्रिंदाद आणि हळदणकर या मुंबईच्या जुन्या चित्रकारांची चित्रं पाहायला सांगितली. या गावातल्या चित्रकारांनी युरोपची रीत शिकून आपल्या माणसांच्या रंगाला ती कशी वळवली ते तिथे समजतं, असं त्यांचं म्हणणं. पण पातळ उजळ थर तपकिरीवरून घासत नेला की मधला करडा इथेही येतो. सासूबाईंच्या गालाखाली तो आला तेव्हा मी त्यांना दाखवला. त्या म्हणाल्या, "मला आजारी करू नकोस हं."

बैठक संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी असते. टीव्हीकडे पाहताना त्यांची मान इतकी स्थिर असते की व्यावसायिक मॉडेलची नसेल. जाहिराती लागल्या की त्या उठतात, तेवढ्यात मी पॅलेट पुसून घेते.